थंडी मागितली तो हिवाळा

परवा सकाळी पडदा सरकवला तर समोरची इमारत नव्हती. बाजूचीही नव्हती. फरीदाबादच्या नहरपारमधल्या, म्हणजे कालव्यापलीकडच्या, आमच्या या अकराव्या मजल्यावरून एरवी टॉवरच टॉवर दिसतात, त्यांच्या मधून जाणारा रुंद रस्ता दिसतो, हवा बरी असली तर लांबवर कालव्याची रेघसुद्धा दिसते. त्या सकाळी बाल्कनीच्या कठड्यापलीकडे नुसतं पांढरं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या होत्या. कुणाचं विमान अडकलेलं, कुणाच्या मुलाची स्कूल बस आलेली नाही, कुणाचा गीझर बंद. नवऱ्याने रजईतूनच विचारलं, किती आहे आज? मी म्हटलं, पाच. तो "बाप रे" म्हणाला आणि त्याने रजई डोक्यावरून ओढून घेतली.

मी मात्र शाल गुंडाळून बाहेर जाऊन उभी राहिले. कठड्यावर बोट फिरवलं, बोट ओलं झालं. नाकाचा शेंडा बधिर व्हायला लागला तरी मी आत गेले नाही. दिल्लीत थंडी पडली की मला आनंद होतो. हे मी इथे फारसं बोलून दाखवत नाही, कारण जानेवारीत दिल्लीच्या माणसाला असं काही सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण खरं आहे ते. मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारभर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा गावातली मुलगी थंडीच्या प्रेमात पडली ती एका भाजीपायी.

त्या भाजीचं नाव रुटाबागा. सलगमचा थोराड भाऊ म्हणा हवं तर. वरून जांभळा, खालून पिवळसर, आत फिकट लोण्याच्या रंगाचा कंद. आता मॉलमध्ये क्वचित दिसतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, सुकलेला, बिचारा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बियांच्या डब्यावरच्या चित्रात, आणि पुढचे चार महिने माझं सगळं आयुष्य त्या चित्राभोवती फिरत राहिलं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. दिल्लीत रोज काहीतरी नवीन यायचं. नव्या गाड्या, नवे चॅनेल, नवी बिस्किटं. परदेशी कंपन्यांची माणसं यायची, त्यांच्यासाठी मोठी हॉटेलं भरायची, आणि त्या माणसांना त्यांच्या गावच्या भाज्या लागायच्या. अकोल्याहून उद्यानविद्येची पदवी घेऊन मी आले होते. माझे साहेब खुराना आधी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे. एकदा परदेशात जाऊन आले, तिथल्या दुकानातल्या भाज्यांचे ढीग पाहून आले, आणि परतल्यावर त्यांनी फरीदाबादेत कालव्यापलीकडे जमीन भाड्याने घेऊन ब्रोकोली, लाल कोबी, लेट्यूस असलं काय काय लावायला सुरुवात केली. रुटाबागा मात्र त्यांच्या यादीत नव्हता. तो एका हॉटेलच्या शेफने मागितला होता. विमानाने यायचा तो येईपर्यंत मऊ पडायचा. क्रिसमसच्या जेवणासाठी ताजा मिळाला तर पुढचं कायमचं काम देतो, असं शेफने सांगितलं होतं. खुरानांच्या आधीच्या दोन्ही अॅग्रोनॉमिस्टनी दिल्लीत हे होणार नाही म्हणून हात वर केले होते. मी नवी होते, तेवीस वर्षांची होते, मी हो म्हटलं.

घरून निघताना बाबा म्हणाले होते, एक हिवाळा बघ. अकोल्यात एका कॉलेजात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, मार्चपर्यंत ती जागा थांबणार होती. बाबा शाळेत मास्तर होते. आमच्या घराण्यातली महिन्याच्या पगारावर जगणारी पहिली पिढी त्यांची. खाजगी नोकरी, तीही भाज्या पिकवायची, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. शेतातून बाहेर पडायला आपल्या माणसांना किती पिढ्या लागल्या, आणि तू शिकून परत शेतात, एवढंच ते एकदा म्हणाले. रागावून नव्हे, काळजीने.

मी राहायला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात होते, सुनंदा मावशीकडे. काका केंद्र सरकारच्या ऑफिसात, नागपूरहून बदली होऊन आलेले, वीस वर्षं होऊन गेलेली. मुलगा हॉस्टेलला. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात मावशीची खुर्ची. ती खुर्ची दिवाळीनंतर आत यायची आणि होळीशिवाय बाहेर जायची नाही, कारण मावशीला थंडी सहन होत नसे. एवढ्या वर्षांत तिने दिल्लीशी सगळ्या बाबतीत जमवून घेतलं होतं. भाजीवाल्याशी ती फर्डी हिंदी बोलायची, शेजारणीकडून छोले शिकली होती, पण थंडीला तिने माफ केलं नव्हतं. दोन स्वेटर, लोकरी मोजे, कानाला मफलर आणि तोंडात एकच वाक्य, हे शहर माणसांसाठी बांधलेलंच नाही.

बियांच्या डब्यावर लागवडीची माहिती बारीक इंग्रजीत होती. पहिल्याच संध्याकाळी ती मी मोठ्याने वाचली. या पिकाला पंधरा ते अठरा अंश तापमान मानवतं. पंचवीसच्या वर गेलं की पानंच फोफावतात, कंद लाकडासारखा आणि कडू होतो. हवा दमट लागते, माती कायम ओलसर लागते, पण पानांवर पाणी साचून राहिलेलं चालत नाही. आणि काढणीच्या आधी कडाक्याची थंडी पडली तर कंदाला गोडी येते.

काका शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "हवा दमट हवी, कोंदट नको. आणि थंडी हवी. म्हणजे ही भाजी तुझ्या मावशीच्या बरोबर उलटी आहे."

डबा हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला, नाव दोनदा वाचलं आणि त्याचं तिथल्या तिथे मराठी करून टाकलं. ऋतुबाग. त्या दिवसापासून आमच्या घरात रुटाबागाला दुसरं नाव राहिलं नाही. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले की काका पेपर खाली करून विचारायचे, ऋतुबाग काय म्हणते?

ऑक्टोबरमध्ये ती रडत होती. पेरणी केली तेव्हा दुपारी अंगाची लाही व्हायची. शेतावर गावातल्या बायका कामाला होत्या, त्यांची मुकादम रामवती. उंच, सावळी, मोठ्या आवाजाची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी आणि तिने मिळून कोवळ्या रोपांवर गवताचे मांडव घातले. सकाळी लवकर हलकं पाणी, संध्याकाळी पुन्हा हलकं पाणी. वरंब्यांवर भाताचा पेंढा अंथरला, म्हणजे मातीतला ओलावा उडून जाऊ नये. रामवतीला ही सगळी मजाच वाटत होती. आमच्याकडे शलगम फेकला तरी उगवतो, ती म्हणायची, तुमचा हा अंग्रेज़ी शलगम जावयासारखा आहे.

शेताच्या मधोमध एका खांबावर मी झडपांची पांढरी पेटी बसवून घेतली होती आणि तिच्यात दोन तापमापक टांगले होते. एक साधा. दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं, तो पारा गारठून खाली उतरतो आणि दोन पाऱ्यांत अंतर पडतं. हवा दमट असेल तर दोघे जवळ येतात. त्या फडक्यासाठी जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल लागतं. ते मी मावशीच्या एका विटलेल्या साडीतून फाडून नेलं. साडीला अंगणात वाळत घालायच्या दोरीवरून थेट नोकरी लागली, असं मावशीने शेजारीपाजारी सांगितलं.

नोव्हेंबरात पश्चिमेची कोरडी हवा सुटली आणि दोन पारे इतके लांब गेले की मला झोपेतही दिसायचे. दुपारी पानं माना टाकायची. अशा वेळी घाबरून भरपूर पाणी दिलं तर कंद फुटतात, हे मला माहीत होतं. म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. कालव्याकडच्या बाजूला बाजरीच्या कडब्याचं कुंपण उभारलं, वारा अडवायला. आणि एक दिवस माती जरा बाजूला सारली तर खाली कंदाचा जांभळा खांदा दिसला. लिंबाएवढा. मी तिथेच चिखलात बसले आणि रामवतीला हाक मारली. ती आली, तिने पाहिलं, तिने बाकीच्या बायकांना हाक मारली, आणि आम्ही सगळ्या जणी त्या एका खांद्याभोवती उकिडव्या बसून बघत राहिलो. बारशाला जमल्यासारख्या.

आज तिथे काय आहे हे मला नेमकं सांगता येत नाही. कालव्यापलीकडच्या त्या सगळ्या शेतांचे सेक्टर झाले, सेक्टरांचे टॉवर झाले. आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा मी नवऱ्याबरोबर दोन-तीनदा त्या खांबाची जागा शोधायला गेले. एकदा वाटलं ती एका बँक्वेट हॉलच्या पार्किंगमध्ये आहे, एकदा वाटलं शाळेच्या मैदानात. वाईट वाटलं का, असं नवऱ्याने विचारलं. थोडं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हाला स्वतःलाच नव्याची इतकी घाई होती की दुसऱ्यांच्या नव्यावर रागवायला आता तोंड उरलेलं नाही. शेताशेजारी पहिल्या कॉलनीचा बोर्ड लागला तेव्हा मी आणि रामवती मुद्दाम तो बघायला गेलो होतो. बोर्डावर कारंजं होतं, कारंज्याशेजारी गोरी मुलं होती. रामवतीने विचारलं, इतकं पाणी कुठून आणणार? आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

डिसेंबर आला. थंडी आली नाही.

सकाळी धुरकट गारवा असायचा, पण दुपार होता होता माणसं स्वेटर काढून खांद्यावर टाकायची. लक्ष्मीबाई नगरात सगळे खूश होते. मावशीची खुर्ची चक्क व्हरांड्यात परत आली होती. मी घरात तोंड पाडून वावरायचे. कंद तर छान पोसले होते, चांगले मुठीहून मोठे, दिसायला डब्यावरच्या चित्रासारखे. क्रिसमसच्या आठवडाभर आधी खुराना साहेब शेतावर आले, त्यांनी एक उपटून हातात तोलून पाहिला आणि उद्याच काढणी करू म्हणाले. मी तोच कंद चिरला, फोड तोंडात टाकली. कोबीचा उग्र वास आला आणि मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा बसला, तो जाईना. मी फोड त्यांच्यापुढे धरली. त्यांनीही खाल्ली, तोंड वाकडं केलं, पण मत बदललं नाही.

"मिस संघमित्रा, क्रिसमस पच्चीस तारीख़ को आता है," ते म्हणाले. "उसको कौन समझाएगा कि अभी ठंड नहीं पड़ी?"

शेवटी नमुन्याला चार कंद घेऊन आम्ही दोघं हॉटेलात गेलो. मागच्या दाराने, सामान उतरवतात तिथून. स्वयंपाकघर एवढं मोठं की आमचं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर त्यात चार वेळा मावलं असतं. शेफचं नाव रॉड्रिग्ज. उंच पांढरी टोपी, हातावर भाजल्याचे जुने डाग. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. अकोला ऐकताच ते एकदम स्वच्छ मराठीत बोलायला लागले. ते वसईचे निघाले. तरुणपणी स्कॉटलंडच्या एका हॉटेलात कामाला होते आणि तिथे थंडीत हा कंद उकडून, लोणी-मिरी घालून ठेचतात, ती चव त्यांच्या जिभेवर बसली होती. खुराना साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं.

शेफनी सुरी उचलली. त्यांनी फोड तोंडात घालायच्या आधी मी म्हटलं, "हा तयार नाही झालेला. कडू आहे. याला अजून थंडी लागायला हवी."

ते थांबले. तरी त्यांनी फोड खाल्लीच, हळूहळू चावली आणि मान हलवली. हो म्हणाले, कडूच आहे. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

"विकायला आलेल्या माणसाने स्वतःहून हे सांगितलेलं मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले. "क्रिसमसला मी गाजर वापरीन. तू थांब. जानेवारीच्या शेवटी आण. पण तेव्हा कडू निघालं, तर मग मी पुन्हा मागवणार नाही."

परतताना खुराना साहेब गाडी चालवत होते. बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, नेमकं काय बोलणं झालं? मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणजे आता माझा धंदा हवामान खात्याच्या हातात, असं हिंदीत पुटपुटले. मग त्यांनी शांतपणे मला सांगितलं की जानेवारीत हे जमलं नाही तर पुढच्या हंगामात त्यांना माझी गरज राहणार नाही. ते वाईट नव्हते. बँकेतून पैसे उचलून उभा राहिलेला माणूस जितका चांगला असू शकतो तितके ते होते.

त्या संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं. थंडी पडली नाही तर मी मार्चमध्ये अकोल्याला. मावशी उठून आत गेली, आणि मला वाटलं आता ही म्हणणार, बरंच झालं, जा आपली आईबापाजवळ. ती चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पडेल. न पडून जाते कुठे? वीस वर्षांत मी एकदाही सुटले नाही तिच्या तावडीतून."

आणि तिथून आमच्या घरात एक गंमतच सुरू झाली. काका सकाळी पेपर उघडायचे ते आधी शेवटच्या पानावरचं कालचं किमान तापमान मोठ्याने वाचायचे. अकरा. मावशी स्वयंपाकघरातून चुकचुकायची. दहा. पुन्हा अकरा. मावशीचं तोंड उतरायचं. नऊ म्हटल्यावर ती पोळपाट सोडून बाहेर आली, पेपर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ऊन पडलं की ती खिडकीतून सूर्याकडे असं काही बघायची, जसं उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघतात. शेजारच्या पंजाबी काकू म्हणाल्या, यंदा बरं आहे, थंडी कमी आहे. त्या गेल्यावर मावशी दार लावून मला म्हणाली, हिला काय कळतंय. रविवारी बौद्ध विहारात वंदनेला गेलो तेव्हा तिने नागपूरच्या, औरंगाबादच्या बायकांनासुद्धा सांगून ठेवलं की आमच्या संघमित्राची ऋतुबाग आहे, थंडी पडायला हवी. त्या बायकाही सगळ्या गरम गावच्या, थंडीने कावलेल्या. पुढच्या रविवारी त्यांच्यातलीच एक मला विचारत होती, काय गं, पुरेल का एवढी?

मला तेव्हा काय वाटायचं ते नीट सांगता येणार नाही. भीती होती, पण भीतीपेक्षा जास्त एक झिंग होती. आपण ज्याची वाट बघतोय त्याची आणखी माणसं वाट बघताहेत, ही झिंग. शिकताना परीक्षा होत्या, पण त्या माझ्या एकटीच्या. इथे एक अख्खं घर आकाशाकडे तोंड करून बसलं होतं.

जानेवारी लागला आणि आधी धुकं आलं. बसमधून उतरून शेताकडे चालताना स्वतःचे पाय दिसेनात. पेटी उघडली तर दोन्ही पारे एकाच आकड्यावर. हवेत पाणी भरून राहिलेलं. पिकाला दमट हवा आवडते हे खरं, पण ही आता काकांची ती कोंदट हवा होती. दिवस दिवस ऊन नाही, वारा नाही, पानं ओलीच्या ओली. आणि एका सकाळी खालच्या पानांवर पिवळे डाग दिसले. पान उलटलं तर मागे पांढरी बुरशी. या रोगाला मराठीत केवडा म्हणतात, इतकं सुवासिक नाव कुणी दिलं कोण जाणे. तो वाढला असता तर कंद थंडीपर्यंत टिकलेच नसते. खालची सगळी पानं काढून वाफ्यांत हवा खेळती करायची, एवढाच उपाय होता. तोही एका दिवसात, कारण एकाचा दुसऱ्याला लागत जातो. रामवतीच्या निम्म्या बायका गावातल्या लग्नाला गेलेल्या.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा काका बूट घालून तयार होते. आणि त्यांच्या मागे मावशी. दोन स्वेटर, मफलर, हातात काकांचे जुने मोजे, हातमोजे म्हणून घातलेले. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, वीस वर्षं घरात बसून कुडकुडले, एक दिवस बाहेर कुडकुडीन.

शेतात पोचल्यावर मी मावशीला आणि रामवतीला हिंदी-मराठीत समजावून सांगत होते की आपल्याला खालचा पाला काढायचा आहे. तेवढ्यात रामवती आकाशाकडे बघत म्हणाली, "बीबी जी, धुंध छँटते ही पाला पड़ेगा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. अगं, आपोआप पडणार असेल तर आपण कशाला काढतोय, तिने विचारलं. रामवतीच्या बोलीत पाला म्हणजे गोठलेलं दव, हिम, आणि धुकं निवळलं की ते पडणार, हे सांगेपर्यंत काकांचं हसून हसून खोकल्यात गेलं. मग मावशीने पदर खोचला आणि कामाला लागली. चंद्रपूरकडच्या खेड्यात तिचं लहानपण गेलं होतं, वाफ्यात कसं बसायचं हे तिच्या गुडघ्यांना आठवत होतं. ती आणि रामवती शेजारशेजारच्या सऱ्यांत पुढे सरकत होत्या, एकीची मराठी वळणाची हिंदी, दुसरीची ब्रज बोली, आणि दोघींचं बोलणं अखंड चाललेलं. सासवांबद्दल असावं. मी टोपल्या भरून रोगट पानं लांब नेऊन टाकत होते. संध्याकाळ व्हायच्या आत शेवटची सरी झाली. झाडं खालून मोकळी, कंदांचे जांभळे खांदे उघडे, आणि मधून वारा जाताना दिसत होता. परतीच्या बसमध्ये मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या मफलरला मोहरीच्या पानांसारखा तिखट वास येत होता.

दोन दिवसांनी धुकं उठलं. आभाळ निळंशार, वारा पडलेला, आणि दुपारपासूनच हवेला धार. मी संध्याकाळी निघण्याआधी सगळ्या सऱ्यांना हलकं पाणी देऊन घेतलं, मुळं गोठू नयेत म्हणून, ओली माती जरा ऊब धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडली. खिडकीची काच बंद होत नव्हती आणि मला बंद करायचीही नव्हती.

शेताच्या कडेला रामवती माझी वाट बघत उभी होती. तिने नुसता हात लांबवून दाखवला. सगळं शेत पांढरं होतं. पाल्यावर पाला पडला होता. प्रत्येक पानाची कड मीठ लावल्यासारखी, कडब्याच्या कुंपणावर पांढरी लव, पेटीच्या झडपांवर कण. सूर्य नुकता वर येत होता आणि तो जिथे पोचत होता तिथे ते सगळं चमकून विरघळत होतं. चालताना पायाखाली बारीक कुरकुर वाजत होती. आयुष्यात मी हिम पहिल्यांदा पाहत होते.

झाड गोठू नये म्हणून स्वतःतलं पिष्ट साखरेत बदलत जातं, हे मी पुस्तकात शिकले होते. पण ते व्हायला थोडे दिवस लागतात. मी थांबले. थंडीही मुक्कामाला राहिली. रोज सकाळी काका आकडा वाचत होते आणि मावशी आतून शाबास म्हणत होती. साधारण आठवड्याने मी एक कंद उपटला, रामवतीने विळ्याने त्याचे दोन तुकडे केले, आम्ही दोघींनी एकेक फोड तोंडात टाकली. थंडगार, करकरीत, आणि गोड. गाजरासारखा गोड नाही, भुईमुगाच्या कोवळ्या दाण्यात असतो तसा, जरा मागाहून येणारा. रामवती चावत राहिली, मग तिने विळा बाजूला ठेवला आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे हात बर्फासारखे होते.

महिनाअखेरीला कंद घेऊन आम्ही पुन्हा हॉटेलात गेलो, आणि या वेळी शेफ रॉड्रिग्जनी फोड तोंडात घालायच्या आधी मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आणखी एक कापून खाल्ली. मग मला तिथेच एका स्टुलावर बसवलं, स्वतः कंद उकडले, ठेचले, लोणी घातलं, मिरी भरडून घातली आणि बशी माझ्यापुढे ठेवली. एक खुराना साहेबांपुढे. खुराना साहेबांनी चमच्याने बशी पुसून खाल्ली. सगळा माल हॉटेलने घेतला, आणि पुढच्या हिवाळ्याचं बोलणंही तिथेच उभ्या उभ्या झालं.

घरी आणलेल्या दोन कंदांचं मावशीने काय करावं, तर लसूण आणि सुक्या खोबऱ्याची फोडणी देऊन रस्सा केला, भाकरीबरोबर. शेफनी पाहिलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कुणास ठाऊक. काका दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, ऋतुबागेला आता नागपूरची हवा लागली.

खुरानांचं ते शेत पुढे पाच-सहा हिवाळे चाललं. मग जमिनीचे भाव असे काही वर गेले की भाजी लावणं हा वेडेपणा ठरला. मी तोवर भाज्या साठवण्याच्या कामाकडे वळले होते, थंड आणि दमट खोल्यांच्या, आणि त्यातच राहिले. काका रिटायर झाल्यावर दोघं नागपूरला परतली. मावशी शेवटपर्यंत तिथल्या बायकांना सांगायची की नागपूरला थंडी म्हणून पडतच नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रस्सा-भाकरीच्या संध्याकाळचं. जेवणं व्हायच्या आधी मी मार्केटमधल्या एसटीडी बूथवर गेले होते. मावशी आणि काका बरोबर आले आणि काचेच्या बाहेर उभे राहिले. अकोल्याला आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या मेडिकलवाल्याने बाबांना बोलावून आणलं. त्यांचा श्वास आधी ऐकू आला. मी सांगितलं की पीक चांगलं आलं, विकलंही गेलं. ते बरं म्हणाले. मी सांगितलं की कॉलेजातल्या त्या जागेला नाही म्हणून कळवा, मी इथेच राहते आहे.

मेडिकलच्या दुकानातली माणसं बोलत होती, ती ऐकू येत होती. मी डोळे मिटून घेतले.

मग बाबांनी विचारलं, "थंडी फार असते म्हणतात तिकडे. सोसते ना तुला?"

"बाबा," मी म्हटलं, "अजून पडायला हवी."